गरोदरपणात आजारपणाची रजा: कोणती, केव्हा आणि कुठल्या क्रमाने

तिसऱ्या महिन्यात उलट्या सुरू होतात. मॅनेजरला व्हॉट्सॲपवर ‘आज बरं नाही, येत नाही’ एवढंच कळवलं जातं. एचआर आधी सीएल (किरकोळ रजा) कापतं, मग पीएल (अर्जित रजा), मग पगार. सातव्या महिन्यात बीपी वाढतं, डॉक्टर विश्रांती सांगतात, तेव्हा खात्यात एकही रजा उरलेली नसते. ‘मग प्रसूती रजाच सुरू करा ना,’ असा सल्ला मिळतो आणि बाळ चार महिन्यांचं होतं न होतं तोच आई कामावर हजर. या सगळ्यात रजा कुणीच नाकारलेली नसते. ती फक्त चुकीच्या नावाने आणि चुकीच्या क्रमाने खर्च झालेली असते.

पुढचे टप्पे भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या पगारी नोकरीतल्या बाईसाठी आहेत. वाचताना आपलं नेमणूकपत्र, पगाराची स्लिप आणि डॉक्टरांची फाइल जवळ ठेवा.

आधी हे: रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, खूप ताप, बाळाची हालचाल कमी झाल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर अर्ज लिहीत बसू नका. दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा. रजेचे कागद दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीही पाठवू शकतं.

## टप्पा १: तुम्हाला नियम कुठला लागतो ते ठरवा

इथेच निम्मे घोळ होतात. मैत्रिणीला तिच्या बँकेत जे मिळालं ते तुम्हाला तुमच्या कंपनीत मिळेलच असं नाही. सोय साधारण तीन प्रकारची असते.

ईएसआयमध्ये, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आणि आस्थापना ईएसआयखाली असेल तर प्रसूतीचे आणि आजारपणाचे पैसे मालक देत नाही, कामगार विमा महामंडळ देतं. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का ते पाहा. दिसत असेल तर सर्टिफिकेटपासून दाव्यापर्यंत सगळी वाट वेगळी.

खासगी नोकरीतल्या, ईएसआयबाहेरच्या. कारखान्यांना, आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानांना व कार्यालयांना, प्रसूती लाभ कायदा १९६१ लागत आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० अमलात आली आणि त्याच तरतुदी तिच्या सहाव्या प्रकरणात आल्या. कलमांचे आकडे बदलले, हक्काचा गाभा तोच राहिला. एचआरच्या फायलीत अजून जुनेच आकडे असण्याची शक्यता आहे, म्हणून पुढे दोन्ही देते.

सरकारी कर्मचारी. केंद्राला १९७२ चे रजा नियम, राज्याला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१. प्रसूती रजा दोन्हीकडे १८० दिवस. गरोदरपणातल्या आजारासाठी मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घ्यावी लागते. ती पूर्ण पगारी असते, पण एका दिवसाला अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खात्यातून वजा होतात. आस्थापना शाखेतून रजेचा हिशेब आजच मागवून घ्या. अर्धवेतनी रजा शिल्लक किती हे आजारी पडल्यावर कळून उपयोग नाही.

कंत्राटावर असाल तर ‘कंत्राटींना हे लागू नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांना प्रसूती लाभाचा हक्क मान्य केला. २०२३ साली कविता यादव प्रकरणात, कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी पूर्ण काळाचा लाभ द्यावा लागेल असंही सांगितलं.

तपासा: तुम्ही या तिघींपैकी कोण हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर एचआरला एकच प्रश्न ईमेलवर विचारा: ‘मला प्रसूतीचे लाभ ईएसआयकडून मिळणार की कंपनीकडून?’

## टप्पा २: रजेचे कप्पे आणि त्यांचा क्रम

एक कागद घ्या. वर प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहा. सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी ती बदलली असेल तर बदललेली. तिच्याखाली आपल्याकडे कोणकोणत्या रजा आहेत ते लिहा.

सीएल आणि कंपनीची सिक लीव्ह. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ‘सिक लीव्ह’ नावाची वेगळी रजाच नाही. वर्षाला आठ दिवस पगारी सीएल आहे, ती तिमाहीनुसार जमा होते आणि वर्षअखेर संपते. सिक लीव्ह मिळते ती कंपनीच्या धोरणातून, म्हणून दिवस किती आणि सर्टिफिकेट कितव्या दिवसापासून हे धोरणातच वाचावं लागतं.

पीएल, म्हणजे अर्जित रजा. त्याच कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस. ती साठवता येते, आणि म्हणूनच ती शेवटी वापरायची.

गरोदरपणामुळे आलेल्या आजाराची रजा. बहुतेकींना हिचं नावही माहीत नसतं. १९६१ च्या कायद्याचं कलम १०, संहितेचं कलम ६५(३). गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, गर्भपात किंवा नसबंदीची शस्त्रक्रिया यांमुळे आजार उद्भवला तर प्रसूती रजेच्या शिवाय, जास्तीत जास्त एक महिना, प्रसूती लाभाच्याच दराने पगारी. सीएल, पीएलमधून ती वजा होत नाही. २६ आठवड्यांतूनही वजा होत नाही.

प्रसूती रजा. २६ आठवडे, त्यांपैकी अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त ८. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर १२ आठवडे, आधी जास्तीत जास्त ६.

आता क्रम. किरकोळ दिवसांना, म्हणजे तपासणी, एखाद्या दिवसाची चक्कर, सकाळच्या उलट्या, यांना सीएल आणि सिक लीव्ह. डॉक्टरांनी सलग आठवडा-पंधरवडा विश्रांती सांगितली आणि कारण गरोदरपणाशी जोडलेलं असलं, की आजाराची एक महिन्याची रजा. ती पुरली नाही तर पीएल. बिनपगारी सर्वांत शेवटी. प्रसूती रजेला शक्यतो हात लावायचा नाही.

उदाहरण घेऊ. अपेक्षित तारीख १५ डिसेंबर. आठ आठवडे आधी म्हणजे २० ऑक्टोबर. त्या दिवसापासून प्रसूती रजा सुरू केली तर २६ आठवडे १९ एप्रिलला संपतात आणि बाळ चार महिन्यांचं असतं. त्याच २० ऑक्टोबरला बीपीसाठी विश्रांती लागली आणि १९ नोव्हेंबरपर्यंत आजाराची रजा घेतली, तर प्रसूती रजा २० नोव्हेंबरला सुरू होऊन २० मे रोजी संपते. दवाखान्यातला कागद दोन्ही वेळा तोच, अर्जातलं एक वाक्य वेगळं, आणि हाती एक पूर्ण महिना जास्त.

२० ऑक्टोबरच्या आधी तर ‘प्रसूती रजाच सुरू करा’ हे म्हणणंच नियमात बसत नाही. ऑगस्टमध्ये रक्तस्राव झाला आणि एचआरने प्रसूती रजेचा फॉर्म पुढे केला, तर तो भरू नका.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. कलम १० कळल्याबरोबर तिसऱ्या महिन्यातल्या उलट्यांवर अख्खा महिना संपवला जातो. ही रजा प्रसूतीनंतरच्या आजारालाही चालते. सिझेरियनच्या टाक्यांना संसर्ग झाला, बाळ लवकर आलं आणि त्यातून तुमची तब्येत बिघडली, तर तेव्हा ती लागेल. उलट्या इतक्या असतील की सलाइन लावावं लागतंय, तर जरूर वापरा. नसतील तर सीएल आणि घरून काम यांवर निभावून न्या, असं माझं मत आहे.

सावधान, ८० दिवस. प्रसूती लाभ मिळायला अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेलं असावं लागतं. जुन्या नोकरीत हा आकडा कधीच ओलांडलेला असतो. नुकतीच रुजू झालेली असाल तर मात्र लांबलचक बिनपगारी रजा घेण्याआधी हजेरीपट पाहून दिवस मोजा. ईएसआयमध्ये अट वेगळी आहे: लगतच्या आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणी मोजायच्या सहामाहींत) मिळून ७० दिवसांचं अंशदान. बिनपगारी दिवसाचं अंशदान भरलं जात नाही.

## टप्पा ३: ऑफिसला कळवणं

तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं घरातले म्हणतात. घरच्यांचं घरापुरतं ठीक आहे. पण गरोदरपण नोंदलेलंच नसेल तर त्यामुळे आलेल्या आजाराची रजा कशाच्या आधारावर मागणार? सगळ्या ऑफिसला सांगायची गरज नाही. एचआरमधल्या एका व्यक्तीला ईमेलवर, डॉक्टरांच्या गरोदरपणाच्या दाखल्यासह, ‘ही माहिती गोपनीय ठेवावी’ या ओळीसकट कळवा. मॅनेजरला कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणालाही आठवत नाही. ईमेल, आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर. ऑफिसचा लॅपटॉप रजेत जमा करायला लावला तर त्यातला पत्रव्यवहारही हातचा जातो.

## टप्पा ४: सर्टिफिकेट, जिथे बहुतेक अर्ज अडतात

‘बेड रेस्ट’ असं लिहिलेला औषधांचा कागद म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत रजेच्या दाखल्याचा नमुनाच दिलेला आहे: रुग्णाची सही, आजाराचं नाव, किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून कामावर न जाणं आवश्यक, आणि डॉक्टरांची सही. त्या नमुन्यात गरोदरपणापुरती थोडी भर घाला. दवाखान्यातून निघण्यापूर्वी हे पाहून घ्या:

- नाव ऑफिसच्या नोंदीप्रमाणे आहे का? लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यांचा घोळ फार होतो.
- तपासणीची तारीख आहे का?
- गरोदरपणाचे आठवडे आणि अपेक्षित तारीख लिहिली आहे का?
- आजार गरोदरपणामुळे उद्भवला असं स्पष्ट शब्दांत आहे का?
- विश्रांती ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही तारखांनी आहे का?
- डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का?

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नुसतं ‘अशक्तपणा’ किंवा ‘बीपी’ लिहिलं की एचआर ते साधं आजारपण धरतं आणि सिक लीव्ह कापतं. त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. ‘गरोदरपणातला उच्च रक्तदाब’, ‘गरोदरपणातल्या अति उलट्या’, ‘वार खाली असल्याने रक्तस्राव’, ‘गर्भाशयमुखाला टाका घातल्यानंतरची विश्रांती’ असं लिहिलं की प्रश्न उरत नाही. उलट बाजूने, डेंग्यू किंवा पाय मुरगळणं हे गरोदरपणात झालं तरी गरोदरपणामुळे झालेलं नाही. त्याला साधी रजाच घ्या. डॉक्टरांना ओढूनताणून जोड लावायला सांगू नका. पुढे खरं कारण येईल तेव्हा शंका घेतली जाईल.

डॉक्टरांना आणखी एक विचारा: ‘ऑफिसला जायचं नाही, की बसून काम चालेल, की पूर्ण आडवंच राहायचं?’ आपल्याकडे ‘बेड रेस्ट’ हा शब्द सढळ हाताने लिहिला जातो. पण दिवसच्या दिवस पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि सरसकट सगळ्यांना त्याचा फायदा होतो असंही नाही. प्रवास टाळून घरून काम करता येणार असेल तर दाखल्यात तसंच लिहून घ्या आणि रजा वाचवा.

मागच्या तारखेचा दाखला मागू नका. नियमावलीप्रमाणे डॉक्टरांना दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद वहीत ठेवावी लागते. तारखा जुळल्या नाहीत तर अडचणीत तुम्ही दोघंही. आजारी पडलात त्याच दिवशी दवाखान्यात जाणं जमलं नाही, तर त्या एका दिवसाला सीएल टाका.

दवाखान्यात दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्डाची प्रत घ्याच. जुन्या उपचारांचे कागद हवे असतील तर लेखी मागणी करा. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

ईएसआयवाल्यांना वेगळी सूचना. दाखला ईएसआयच्या दवाखान्यातल्या किंवा त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांचा घ्या. खासगी गायनॅककडे नाव घातलं असेल तरी पहिल्याच आठवड्यात ईएसआय दवाखान्यात जाऊन नोंद करा. नाहीतर दावा अडकतो आणि खासगी दाखला मान्य करून घ्यायला चकरा होतात. गरोदरपणामुळे आलेल्या आजाराला ईएसआयमध्येही एक महिना जादा आहे, सरासरी दैनिक वेतनाच्या पूर्ण दराने. साधा आजारपणाचा लाभ वेगळा: वेतनाच्या ७० टक्के, दोन लागोपाठच्या लाभ कालावधींत मिळून ९१ दिवसांपर्यंत, आणि पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा नाहीत. म्हणजे ‘गरोदरपणामुळे’ हा शब्द इथे थेट पैशांचा प्रश्न आहे. आणि ज्या दिवसाचा ईएसआयकडून आजारपणाचा लाभ घ्याल त्याच दिवसाची पगारी रजा कंपनीकडून घेऊ नका. दोन्हीकडून एका दिवसाचे पैसे मिळत नाहीत.

## टप्पा ५: अर्ज

अर्ज छोटा असावा. कारणमीमांसा, माफी, ‘माझ्यामुळे टीमला त्रास होतोय याची जाणीव आहे’ वगैरे काही नको. नमुना असा:

> विषय: गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी रजा, दि. ____ ते ____
>
> महोदय/महोदया,
> मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख ____ आहे. याची माहिती मी दि. ____ च्या ईमेलने दिली आहे. गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारामुळे डॉक्टरांनी दि. ____ ते ____ या काळात कामावर न जाण्याचा सल्ला दिला आहे. दाखला सोबत जोडला आहे.
> ही रजा प्रसूती लाभ कायदा १९६१, कलम १० / सामाजिक सुरक्षा संहिता २०२०, कलम ६५(३) अन्वये मंजूर करावी. ती माझ्या सीएल, सिक लीव्ह, पीएल किंवा प्रसूती रजेतून वजा करू नये, ही विनंती.
> अर्ज मिळाल्याचं व रजा मंजूर झाल्याचं कृपया ईमेलने कळवावं.

ईएसआयमधल्या बाईने कलमांचा परिच्छेद काढून ‘या काळाचा लाभ मी ईएसआयकडून घेणार आहे’ असं लिहावं. सरकारी कर्मचाऱ्याने ‘वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा’ असं लिहावं आणि कार्यालयाचा विहित नमुना वापरावा.

कंपनीच्या रजेच्या पोर्टलवर बहुधा सीएल, एसएल (सिक लीव्ह), पीएल आणि मॅटर्निटी एवढेच पर्याय असतात. कलम १० चा पर्याय नाही म्हणून घाईत एसएल निवडू नका. आधी ईमेल पाठवा, त्यात ‘पोर्टलवर हा पर्याय दिसत नाही, कुठला निवडू ते सांगावं’ असं लिहा आणि उत्तराची वाट पाहा. पोर्टलवरची नोंद एकदा मंजूर झाली की ती उलटवायला महिना जातो.

ऑफिसला आजाराचा किती तपशील द्यायचा? दाखला पुरे. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ततपासण्या, औषधांची यादी पाठवायची गरज नाही. मॅनेजरला तर दाखलाही नको; तारखा आणि ‘वैद्यकीय रजा’ हे दोन शब्द पुरतात.

तपासा: दाखल्यातल्या आणि अर्जातल्या तारखा अगदी जुळतात का? अधल्यामधल्या रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रजा धरतात का, हे धोरणात पाहिलं का?

## टप्पा ६: रजेवर असताना

कामाची सोपवणूक एका पानावर लिहून द्या आणि तिथे थांबा. रजेवर असताना ‘फक्त दोन ईमेल’ म्हणून लॉगिन करणं ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. हजेरीत तुम्ही कामावर दिसता आणि रजेच्या कारणावरच प्रश्न येतो. प्रसूती रजेत तर मंजूर काळात काम केलं तर त्या काळाचा लाभ बुडतो असं १९६१ च्या कायद्यात स्पष्ट होतं, आणि आजाराच्या रजेतही तोच शहाणपणा बरा.

रजा वाढवायची असेल तर पहिली संपण्याच्या किमान दोन दिवस आधी पुन्हा तपासणी करून नवा दाखला घ्या आणि पाठवा. मध्ये एक दिवसही मोकळा सोडू नका. तो दिवस विनापरवानगी गैरहजेरी म्हणून लागतो आणि पुढचं सगळं त्याच्यावरून अडतं.

महिनाअखेर पगाराची स्लिप उघडून पाहा. रजेचे दिवस कुठल्या रकान्यात टाकलेत? चूक त्याच महिन्यात दाखवली तर दुरुस्त होते.

### गर्भपात झाला तर

या वेळी कागदपत्रं सुचत नाहीत, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. गर्भपात किंवा वैद्यकीय गर्भसमापन झालं तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम ९, संहितेत कलम ६५ आणि ईएसआयमध्येही तेवढीच मुदत. २६ व्या आठवड्यापर्यंत झालेला गर्भपात यात बसतो. त्यानंतरही तब्येत सावरली नसेल तर आजाराचा एक महिना वेगळा. केंद्र सरकारी सेवेत गर्भपातासाठी संपूर्ण सेवेत मिळून ४५ दिवस आहेत.

अर्ज नवऱ्याने किंवा बहिणीने तुमच्या नावाने ईमेलवर पाठवला तरी चालतो. घडलेल्या दिवसांना आधीच सीएल लागली असेल तर ती परत जमा करून मागा.

## टप्पा ७: परत रुजू होताना

फिटनेस सर्टिफिकेटशिवाय जाऊ नका. सरकारी नोकरीत वैद्यकीय रजेवरून परतताना ते लागतंच, खासगीतही गेटवर अडवलं गेल्यावर पळापळ होते. त्याच दाखल्यात काय करायचं नाही तेही लिहून घ्या: तासन्‌तास उभं राहणं, वजन उचलणं, रात्रपाळी, दूरचा प्रवास.

इथे कायद्याचा आणखी एक आधार आहे, तो क्वचितच कुणी वापरतं. अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीचा काळ, आणि त्याच्याही आधीचा एक महिना, तुम्ही विनंती केलीत तर मालकाला तुमच्याकडून कष्टाचं किंवा सतत उभं राहण्याचं काम करून घेता येत नाही. आपल्या उदाहरणात ही मुदत साधारण ३ ऑक्टोबरपासून सुरू होते. हलकं काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. दुकानात, कारखान्यात, शाळेत उभ्याने काम करणाऱ्या बाईला याने दोन आठवड्यांची रजा वाचू शकते. मात्र ‘विनंती’ लेखी हवी.

## टप्पा ८: नकार आला तर

आधी नकार लेखी मिळवा. ‘आपल्या बोलण्यानुसार ही रजा कलम १० खाली मंजूर होणार नाही असं मी समजते, कृपया कारण कळवावं’ एवढा ईमेल पुरतो. निम्म्या वेळा या ईमेललाच होकार येतो, कारण तोवर ते कलम कुणी उघडून पाहिलेलंच नसतं.

‘ही रजा फक्त प्रसूतीनंतर मिळते’ असं उत्तर आलं तर कलमातले शब्द दाखवा. त्यात गरोदरपणामुळे उद्भवलेला आजार पहिलाच आहे, प्रसूती नंतर येते. ‘आमच्या धोरणात नाही’ असं आलं तर, धोरण कायद्यापेक्षा जास्त देऊ शकतं, कमी नाही, असं लिहा. ‘प्रसूती रजेची नोटीस वेळेत दिली नव्हती’ हेही ऐकू येतं. नोटीस उशिरा दिल्याने प्रसूती लाभाचा हक्क जात नाही.

पैशांचा हिशेब चुकला असेल तर दर तपासा. सरासरी दैनिक वेतन काढताना १९६१ च्या कायद्यात आधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचं वेतन धरलेलं आहे. म्हणजे त्या तीन महिन्यांत काही दिवस बिनपगारी गेले म्हणून तुमचा दर खाली यायला नको. एचआरचं सॉफ्टवेअर सरळ नव्वदने भागतं का ते बघा.

एवढ्यावरही हललं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. ईएसआयचा प्रश्न असेल तर महामंडळाच्या शाखा कार्यालयात. सोबत चार गोष्टी: गरोदरपण कळवल्याचा ईमेल, दाखला, अर्ज आणि लेखी नकार. तक्रारीत एकच मागणी ठेवा: अमुक तारखेची रजा अमुक कलमाखाली, पगारासह.

आणि या रजेवर असताना कामावरून काढल्याचं पत्र हातात आलं, किंवा पद, पगार, बदली असा तुमचा तोटा करणारा बदल केला, तर तो मुळातच बेकायदा आहे. पत्रावर ‘मान्य’ म्हणून सही करू नका. फक्त ‘मिळालं’ असं लिहून तारीख टाका. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे आणि ती पत्र मिळाल्यापासून मोजली जाते, म्हणून पाकीटसुद्धा फेकू नका. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.